जोडलंय, पण भरत नाही



लॅपटॉपच्या पडद्यावर खालच्या अंगाला, उजव्या कोपऱ्यात, बॅटरीचं एक बारीकसं चित्र असतं. एरवी तिथे किती टक्के चार्जिंग झालंय ते दिसतं. पण एखाद्या दिवशी तिथे वेगळंच वाक्य उमटतं : ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’. म्हणजे, जोडलंय, पण भरत नाही. कवी म्हणून मला हे वाक्य आवडतं. काही सत्कार समारंभांनाही ते लागू पडेल. पण ज्याच्या पडद्यावर ते येतं, त्याला त्यातलं काव्य सुचत नाही. त्याला दिसतो तो खर्च.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाची नि माझी ताटातूट दहावीच्या निकालाबरोबरच झाली. तरी आमच्या गल्लीत कुणाचा लॅपटॉप रुसला की तो आधी माझ्या घरी येतो. कारण उघड आहे. मी पैसे घेत नाही आणि वर चहा माझाच असतो. शिवाय बिघाड शोधायची एक रीत मला वारशाने मिळालेली आहे. माझे अब्बा सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बंद पडला की तो चालू करून द्यायचा, हे जॉबरचं काम. नवं पोरगं पान्हा घेऊन थेट मागाच्या पोटात हात घालायचं. अब्बा त्याला मागे ओढायचे. आधी भिंतीवरचा स्विच, मग फ्यूज, मग मोटर, मग पट्टा आणि सगळ्यात शेवटी माग. ‘बाहरसे अंदर आव बेटा,’ असं म्हणायचे. लॅपटॉपच्या बाबतीतही मला याहून चांगली पद्धत सापडलेली नाही.

पण आत शिरायच्या आधी, आत आहे काय ते थोडक्यात सांगतो. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या एकीवर एक रचल्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवले, आणि सलग वाहणारी वीज पहिल्यांदा माणसाच्या हाती आली. आपल्या लॅपटॉपमधली लिथियम-आयन बॅटरी मात्र अगदी परवाची. ती बाजारात आणली सोनी या जपानी कंपनीने, १९९१ मध्ये. तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. त्यांच्याइतक्या वयात तोवर कुणालाच नोबेल मिळालं नव्हतं. २०२३ मध्ये ते गेले तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती. या यादीत मला एक नाव राहून गेल्यासारखं वाटतं. मोरोक्कोतल्या फेस शहरात जन्मलेले रशीद याझामी. बॅटरीच्या एका बाजूला ग्रॅफाइट वापरता येईल, हे त्यांनी फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे १९८० च्या सुमाराला दाखवून दिलं. आजच्या बहुतेक बॅटऱ्यांत तेच ग्रॅफाइट असतं. नोबेल एका वर्षी एका विषयात तिघांपेक्षा जास्त जणांना देत नाहीत, हा नियमच आहे. अभियांत्रिकीतला अमेरिकेचा ड्रेपर पुरस्कार २०१४ मध्ये देताना मात्र गुडइनफ आणि योशिनो यांच्या सोबतीला याझामीही होते. असो.

आता ही बॅटरी चालते कशी? मला ती ऊसतोडीच्या मजुरांसारखी वाटते. आमच्या मराठवाड्यातून, सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसं हंगामाला कारखान्यांच्या मुलखात जातात आणि हंगाम संपला की गावी परततात. एक वस्ती भरते तेव्हा दुसरी रिकामी होते. बॅटरीतही अशा दोन वस्त्या असतात. एक ग्रॅफाइटची, दुसरी कोबाल्टसारख्या धातूच्या ऑक्साइडची. लिथियमचे भारित कण त्यांच्यामध्ये ये-जा करतात. चार्जिंग करताना विजेचा जोर लावून आपण त्यांना ग्रॅफाइटच्या थरांत नेऊन बसवतो. वापरताना ते आपसूक घरी निघतात, आणि त्यांच्या त्या परतीच्या वाटेवर आपलं काम चालतं. दर फेरीत थोडे कण वाटेत अडकतात, ते पुन्हा कामाला येत नाहीत. तीनशे-पाचशे फेऱ्या झाल्या की बॅटरी म्हातारी वाटायला लागते, ती यामुळे. काही नव्या बॅटऱ्या हजार फेऱ्याही काढतात.

आणि टोळी म्हटली की मुकादम आला. बॅटरीला लागून एक छोटं सर्किट असतं, ते या टोळीचं मुकादम. एकेका घटाचा दाब किती, पूर्ण भरल्यावर तो साधारण ४.२ व्होल्टच्या वर जात नाही ना, आत ऊन किती, यावर त्याची नजर असते. त्याला काही वावगं दिसलं की तो चार्जिंग थांबवतो. म्हणजे ‘भरत नाही’ या तक्रारीचा अर्थ दर वेळी बिघाड असा होत नाही. कधी कधी मुकादम आपलं काम चोख करत असतो.

तर आता भिंतीपासून निघू.

पहिलं काम सॉकेटचं. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावून पाहा. हसू नका, माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या कितीतरी इथेच मिटल्या आहेत. एक्स्टेन्शन बोर्ड मधे असेल तर तो काढा आणि थेट भिंतीत लावा. आपल्याकडच्या बोर्डांत तीन पिनांचा प्लग सैल बसतो, वरून घट्ट दिसतो पण आत टेकत नाही. मग अ‍ॅडॅप्टर, म्हणजे तारेच्या मधली काळी वीट. तिच्या एका अंगाला भिंतीकडची तार वेगळी काढता येते. ती तार आणि वीट यांचा सांधा बऱ्याचदा अर्धवट निसटलेला असतो. आत ढकलला की झालं. विटेवर दिवा असेल तर तो लागतो का पाहा. लॅपटॉपची पिन खुपसल्याबरोबर तो दिवा विझत असेल, तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. तिथे लगेच पिन काढा आणि पुढचं काम कारागिरावर सोपवा. तार हाताने चाचपत जा. विटेपाशी आणि पिनेपाशी, जिथे ती रोज वाकते, तिथे ती आतून तुटते आणि वरचं रबर मात्र शाबूत असतं.

यानंतर विटेवरचं बारीक अक्षरातलं लिखाण वाचा. चष्मा घ्यावा लागला तरी वाचा. तिथे ‘आउटपुट’ या शब्दापुढे दोन आकडे असतात, समजा १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर. दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट. इथे तो ६५ येतो. व्होल्ट म्हणजे नळाला किती जोर आहे, आणि वॅट म्हणजे मिनिटाला किती हंडे भरतील, असं समजा. ज्या लॅपटॉपला ६५ वॅट लागतात त्याला ४५ वॅटची वीट लावली, तर तो चालेल, पण चालता चालता बॅटरीसाठी काही उरणार नाही. व्होल्टचा आकडा मात्र लॅपटॉपच्या पाठीवर लिहिलाय तोच हवा, तिथे तडजोड नाही.

हल्ली नव्या लॅपटॉपना मोबाइलसारखी चपटी, दोन्हीकडून बसणारी टाइप-सी पिन असते. सोय मोठी झाली, पण गैरसमजही वाढला. पिन बसली म्हणजे चार्जिंग होणारच, असं लोकांना वाटतं. टाइप-सी मध्ये चार्जर आणि लॅपटॉप आधी एकमेकांशी बोलतात. तू ५ व्होल्ट देणार, ९ देणार की २० देणार, अशी घासाघीस होते, आणि मग वीज वाहते. मोबाइलच्या बऱ्याच कंपन्यांची जलद चार्जिंगची भाषा त्यांच्या घरापुरती असते. त्यामुळे मोबाइलच्या चार्जरवर ८० वॅट असं ठळक लिहिलेलं असलं, तरी लॅपटॉपशी त्याचं बोलणंच जुळत नाही, आणि लॅपटॉपच्या पदरात थेंबभरच पडतं. केबलचंही तेच. काही केबली फक्त मोबाइलच्या तोडीच्या असतात. काही लॅपटॉपना दोन टाइप-सी भोकं असतात आणि त्यांतलं एकच चार्जिंगचं असतं; त्याच्याशेजारी प्लगचं किंवा विजेचं बारीक चिन्ह कोरलेलं आढळतं.

इथे माझ्या भाचीची गोष्ट सांगतो, कारण एका बारीक तारेवर किती काही लटकलेलं असतं ते मला तिच्यामुळे कळलं. ती आमच्या आपाची मुलगी. २०२४ च्या मे महिन्यात तिचा एम.ए.चा लघुप्रबंध द्यायचा होता, आणि हातात चार दिवस उरले होते. विषय होता मुसलमान बायकांच्या जात्यावरच्या ओव्या. आमच्या अम्मीला त्या भरपूर यायच्या, काही मराठीत, काही दखनीत, आणि काही अशा की पहिली ओळ एका भाषेत तर दुसरी दुसऱ्या. भाचीने २०१९ च्या हिवाळ्यात तिच्यासमोर मोबाइल ठेवून चाळीसेक ओव्या म्हणवून घेतल्या होत्या. पुढे तो मोबाइल गेला. अम्मीही गेली. तो आवाज उरला तो फक्त त्या जुन्या लॅपटॉपमध्ये.

आणि तो लॅपटॉप म्हणत होता, जोडलंय, पण भरत नाही. बॅटरी शून्यावर. विजेवर तो चालायचा, पण दिवे नुसते मिचकले तरी डोळे मिटायचा. सोलापूरचा मे महिना, वळवाचे दिवस. वीज तासाभरात दोनदा तरी जायचीच. तिने तो एका दुकानात दाखवला. दुकानदाराने उघडूनही न पाहता सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, नऊ हजार होतील, आठ दिवस ठेवून जा. पोरगी रडतच माझ्याकडे आली. ‘मामू, नानीचा आवाज गेला तर?’ एवढंच म्हणाली. प्रबंधाचं नावही तिने काढलं नाही.

मी आधी कशालाच हात लावला नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे नळ बिघडला तर आधी घरातली सगळी भांडी भरून घ्यायची आणि मग पाना काढायचा, हे अंगवळणी पडलंय. शेजारी इन्व्हर्टर होता. तिथे बसून आम्ही अम्मीच्या ओव्या आणि प्रबंध दोन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले, आणि एक पेन ड्राइव्ह लगेच आपाच्या कपाटात गेला. लॅपटॉप चार्ज होईनासा झाला, पण अजून चालतोय, अशा अवस्थेत पहिलं काम हेच. उद्या अ‍ॅडॅप्टर पुरता गेला तर तो उघडणारच नाही. आतलं सगळं शाबूत असतं, पण त्याच्यापर्यंत पोचायला मग कारागीर लागतो, आणि हल्लीच्या काही लॅपटॉपांत स्मरणाची चिप बोर्डालाच डाक देऊन बसवलेली असते, नाहीतर मजकुराला कुलूप घातलेलं असतं. मग कारागीरही हात टेकतो.

मग तिला म्हटलं, तो बंद करून पुन्हा चालू कर, आणि पडद्यावर काय काय येतं ते मला बघू दे. चालू करताच काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या, आणि पोरीने सवयीने एक बटण दाबून त्या घालवल्या. ‘हे काय होतं?’ ‘ते रोजच येतं मामू, दोन महिने झाले.’ पुन्हा बंद, पुन्हा चालू, आणि या वेळी वाचलं. लिहिलं होतं की जोडलेला अ‍ॅडॅप्टर कोणत्या जातीचा आणि किती वॅटचा आहे ते ओळखता येत नाही, त्यामुळे बॅटरी चार्ज होणार नाही आणि लॅपटॉप हळू चालेल. यंत्र बिचारं दोन महिने खरं काय ते सांगत होतं.

त्याचा अर्थ असा. काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. वीज बाहेरच्या नळीतून येते. ही मधली सुई फक्त ओळखपत्र दाखवते, की मी अमुक वॅटचा, तुमच्याच घरचा अ‍ॅडॅप्टर. ती सुई वाकली किंवा तिची आतली केसासारखी तार तुटली, की वीज येते पण ओळख पटत नाही. मग लॅपटॉप सावधपणे स्वतःपुरती वीज घेतो, वेग कमी करतो, आणि बॅटरीला मात्र नाही म्हणतो. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा अ‍ॅडॅप्टर होता. तो अर्धा तास मागून आणला आणि लावला. कोपऱ्यातल्या चित्रावर एक टक्का आला, मग दोन. नवा अ‍ॅडॅप्टर अकराशे रुपयांना पडला. नऊ हजारांचा मदरबोर्ड ठणठणीत होता. प्रबंध वेळेत गेला. अम्मीच्या काही ओव्या शेवटी जोडपत्रात छापल्या आहेत, ‘गायिका’ या शब्दापुढे तिचं पूर्ण नाव घालून. अम्मीला सही करता येत नव्हती.

एखादी गोष्ट बिघडली की चांगली दुसरी लावून पाहणं, ही परीक्षा कुठल्याही यंत्रापेक्षा खात्रीची आहे. म्हणून बॅटरी विकत घेण्याआधी तसाच अ‍ॅडॅप्टर कुणाकडून तरी मागून आणा. गल्लीत, कॉलेजात, कचेरीत मिळतोच.

अ‍ॅडॅप्टर चांगला निघाला तर आपण लॅपटॉपच्या उंबऱ्यावर आलो. पिन जिथे बसते ते भोक टॉर्चने पाहा. आत कापसाचे बोळे, बिस्किटाचा चुरा काहीही सापडतं. लॅपटॉप बंद ठेवून, अ‍ॅडॅप्टर काढून, लाकडी काडीने हलकेच साफ करा, टाचणीने नको. पिन हलवली की चार्जिंग येतं-जातं अशी लक्षणं असतील, तर आतला सांधा सुटलाय. तो डाक देऊन किंवा बदलून मिळतो, आणि हे काम बाजारातल्या टपरीवजा दुकानातली पोरं फार सुंदर करतात. एका भिंगात आणि एका दिव्यात त्यांचा संसार. फक्त काम टाकताना ‘चार्जिंगचा जॅक पाहा’ असं नेमकं सांगा आणि काढलेला जुना भाग परत मागा. भाग परत मागणाऱ्या गिऱ्हाइकाला शक्यतो कुणी फसवत नाही.

मग येते ती एक साधी जादू. लॅपटॉप पूर्ण बंद करा, अ‍ॅडॅप्टर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि चालू करायचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. मग सगळं परत जोडून चालू करा. लॅपटॉपमध्ये चार्जिंगचा कारभार पाहणारी एक वेगळी चिप असते, ती आपण बंद केलं तरी अर्धवट जागीच राहते. कधी तिच्या डोक्यात काहीतरी घोळ बसलेला असतो. या दाबण्याने तिचीही झोप पुरी होते. हे करून भागलं नाही तर विंडोज वापरणाऱ्यांनी ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘बॅटरीज’खाली ‘कंट्रोल मेथड बॅटरी’ असं लिहिलेली नोंद काढून टाकावी आणि लॅपटॉप पुन्हा चालू करावा. ती नोंद आपोआप नव्याने तयार होते. शेजारच्या दुसऱ्या कुठल्या नोंदीला मात्र हात लावू नये.

आता मुकादमाच्या नकाराचे प्रकार. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक तीन दुकानं फिरून आले. त्यांचा नवाकोरा लॅपटॉप ८० टक्क्यांच्या पुढे जाईना. प्रत्येक दुकानात वेगळं निदान झालं. खरं कारण असं, की बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली ठेवली तर ती लवकर म्हातारी होते, म्हणून बऱ्याच कंपन्या ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबायची सोय लॅपटॉपमध्येच देतात. कुणाच्या तरी हातून ती चालू झाली होती. गुरुजींना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे पोटाला तडस लागेपर्यंत खायचं नाही. हे आम्ही वर्गात सांगत होतो, ते आता कंपनी सांगते.’ त्यांनी ती सोय तशीच राहू दिली. ज्याला प्रवासासाठी पूर्ण भरून हवी, त्याने कंपनीच्या बॅटरीविषयीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती तेवढ्यापुरती काढावी.

दुसरा नकार उन्हाचा. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. सोलापूर, नांदेड, अकोला, चंद्रपूर इथल्यांना हा आकडा घरचाच वाटेल. पत्र्याच्या खोलीत, गादीवर लॅपटॉप ठेवलेला, खालच्या जाळीला चादरीने तोंड दाबलेलं. मग मुकादम काम थांबवणारच. अशा वेळी बंद करा, टेबलावर किंवा फरशीवर ठेवा आणि तासाभराने पुन्हा लावा. एकाने तो फ्रिजमध्ये ठेवला होता. तसं कृपा करून करू नका. बाहेर काढल्यावर आतल्या भागांवर दव धरतं आणि मग खरोखरच मदरबोर्ड जातो. थंडीचंही तसंच, शून्य अंशाखाली चार्जिंग केलं तर लिथियम आत शिरायच्या ऐवजी वरच्यावर साचतं. पण तो प्रश्न आपल्याला नाही, लडाखात मुलगा असेल तर त्याला कळवा.

तिसरा प्रकार उपासमारीचा. सुट्टीत लॅपटॉप पूर्ण उतरवून कपाटात ठेवला आणि पाच-सहा महिन्यांनी काढला, की बॅटरी इतकी खोल उतरलेली असते की मुकादम दारच उघडत नाही. कधी कधी दोन-चार तास अ‍ॅडॅप्टर लावून ठेवल्यावर ती हळूहळू शुद्धीवर येते. नाही आली तर तिला बळजबरीने वीज पाजून उठवायचे जे उपाय लोक सांगतात, ते घरी करायचे नाहीत. अशा बॅटरीत आत तांब्याचे कण सुटलेले असतात आणि ती पेट घेऊ शकते. बराच काळ ठेवायचा असेल तर निम्मी भरून ठेवावी, एवढं सोपं आहे.

आणि बॅटरी खरंच म्हातारी झालीय का? त्याचा दाखला लॅपटॉप स्वतः देतो. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी उघडून तिथे पॉवरसीएफजी हा शब्द, एक मोकळी जागा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजी अक्षरांत टंकायचं. एक अहवाल तयार होतो, तो कुठे ठेवलाय तेही तिथेच लिहून येतं. त्यात दोन आकडे पाहायचे. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे जन्माच्या वेळची ताकद, आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. पहिला ४१,००० आणि दुसरा १७,००० असेल, तर बॅटरीत चाळीस टक्क्यांच्या आसपासच जीव उरलाय. मग मात्र नवी घ्या. जुनीवरचा मॉडेल क्रमांक आणि व्होल्ट टिपून न्या. १०.८ आणि ११.१ व्होल्ट हे एकाच कुळातले, दोन्हींत तीन-तीन घट ओळीने, पण ११.१ च्या जागी १४.८ वाली बसवायची नाही. भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे का पाहा. फार स्वस्त बॅटरीत कोऱ्या वेष्टनाखाली जुने घट निघतात.

शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं, आणि तिथे मी सांगितलेलं बाकी सगळं बाजूला ठेवायचं. लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगायला लागला, झाकण नीट मिटेना, बोटाने सरकवायची पट्टी वर उचलली गेली किंवा तिचं बटण दाबेनासं झालं, तर आत बॅटरी फुगलीय. आतल्या रसायनाचा वायू होऊन तो पिशवीत कोंडलेला असतो. एका शिक्षकबाईंच्या लॅपटॉपची पट्टी अशी वर आली होती, आणि ती दबावी म्हणून त्या रात्री त्याच्यावर शब्दकोश ठेवून झोपत. रोज रात्री, उशाशी, चार्जिंगला लावून. मी तो कोश आधी उचलला. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही. लॅपटॉप बंद करून अ‍ॅडॅप्टर काढायचा, तो अंथरूण-पडद्यांपासून दूर फरशीवर ठेवायचा आणि जाणत्या माणसाकडून बॅटरी काढून घ्यायची. बहुतेक वेळा बाकीचा लॅपटॉप धडधाकट असतो.

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत तो दाबला जातो, बॅटरी फुटते आणि गाडी पेटते. ती गाडी ओढणारा माणूस आपल्याच वस्तीतला असतो. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. तिच्यावर फुली मारलेल्या कचराकुंडीचं चित्र असतं, त्याचा अर्थ हाच. कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत ठिकाणी ती द्या. देताना तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे पिशवीतल्या किल्ल्यांना लागून ठिणगी पडणार नाही. त्या शिक्षकबाईंची बॅटरी मी वाळूच्या डब्यात ठेवून नेऊन दिली. तिथल्या मुलाने डबा उघडून पाहिला आणि म्हणाला, ‘काका, वाळू ठेवून जाता का? इथे लोक अशा बॅटऱ्या रुमालात बांधून आणतात.’ वाळू तिथेच ठेवली.